शेतात विमान उतरलं तर? कडबनवाडीत काय घडलं, आपल्याकडे काय करायचं

कुरखेडा : २५ जुलै २०२२ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास पुणे जिल्ह्यातील कडबनवाडी (ता. इंदापूर) येथे सेसना १५२ जातीचं छोटं प्रशिक्षण विमान शेतात कोसळलं. आत २२ वर्षांची प्रशिक्षणार्थी वैमानिक एकटीच होती. विमान मोडलं, ती मात्र किरकोळ जखमांवर वाचली.

इंदापूर लांब असलं तरी गोंदियाजवळचं बिरसी विमानतळ कुरखेड्यापासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवरच आहे. तिथूनही प्रशिक्षणाची विमानं उडतात. २६ एप्रिल २०१७ ला त्यातलं एक वैनगंगेवरच्या तारेत अडकून नदीत पडलं. १८ मार्च २०२३ ला दुसरं बालाघाट जिल्ह्यातील भक्कूटोल्याच्या डोंगरात कोसळलं. दोन्ही वेळा दोघा-दोघांचा जीव गेला.

इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं खाली येत नाही. सेसनासारखं विमान हजार फूट उंचीवरून अडीच किलोमीटरच्या आसपास तरंगत जातं. तेवढ्यात वैमानिकाला मोकळी, सपाट, विजेच्या तारा नसलेली जागा शोधावी लागते. वरून धानाच्या बांध्या सपाट दिसतात, पण खरी अडचण धुऱ्यांची. टेकताना वेग मोटारसायकलच्या भरधाव वेगाएवढा असतो. पुढचं चाक धुऱ्याला अडलं किंवा चिखलात रुतलं की विमान उलटू शकतं. जंगलात तर झाडांखाली पडलेलं विमान वरून सापडणंही कठीण.

असं काही दिसलं तर आधी ११२ वर फोन करा. आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून हा नंबर लागू शकतो. गावाचं नाव, जवळचा नाला, रस्ता सांगा. जमलं तर मोबाईलवरचं लोकेशन पाठवा. विमानाच्या पंखात इंधन असतं, म्हणून बिडी-काडी दूर ठेवा आणि पंख्यासमोर जाऊ नका, तो बंद दिसला तरी. आग किंवा धूर नसेल तर जखमीला उगाच ओढू नका, मान-पाठ दुखावलेली असू शकते. आग लागत असेल तर मात्र वाट न पाहता बाहेर काढा.

माणसं वाचवणं आणि आग विझवणं सोडून अवशेषांना हात लावायला कायद्याने मनाई आहे. विमान अपघात तपास ब्युरोची माणसं तुकडा कुठे, कसा पडला यावरूनच कारण काढतात, म्हणून पत्र्याचा तुकडाही घरी नेऊ नये. कुणी पडताना व्हिडिओ काढला असेल तर तो डिलीट न करता पोलिसांना दाखवावा.