गरिबी म्हणजे हयगय नव्हे

आज आपण घोडपदेवला जमलोय, तर सुरुवात इथूनच करू. 18 जानेवारी 1982 पासून गिरण्या थांबल्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. पगार बंद झाल्यावर चाळींतल्या कित्येक घरांनी पोरं गावी आजीकडे पाठवली. आईबापांनी मुलं टाकली, असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. घरात दाणा नाही, हे सगळ्यांना दिसत होतं.

कायद्याला ते नेहमी दिसतंच असं नाही. 1924चा मुंबईचा बालक कायदा घ्या. मुलांना मोठ्या कैद्यांपासून वेगळं ठेवावं, हा हेतू चांगलाच होता. 1927मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली. इथून जवळच, डोंगरीत उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाच्या जागी मुलांचं रिमांड होम चाललं. पण बेघर, निराधार, भीक मागणारं मूलही त्याच कायद्याच्या कक्षेत आलं. गुन्हा नाही, नुसती गरिबी. तरी मूल कोर्टापुढे! आणि याच्या पंधरा वर्षं आधी, 1909मध्ये, अमेरिकेत रूझवेल्ट यांनी बोलावलेल्या परिषदेनं सांगितलं होतं की केवळ गरिबीपायी मूल घरातून काढू नये.

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. कांटचं म्हणणं साध्या भाषेत असं: जे हातात नाही, ते केलं नाही म्हणून दोष देता येत नाही. दुधाला पैसे नसलेली आई आणि पैसे असून दूध न देणारी आई, मूल दोघींचं उपाशी. पण पहिलीला दूध द्यायचं असतं, चौकशी दुसरीची. मारझोड, अत्याचार असेल तिथं मात्र मूल ताबडतोब हलवायलाच हवं.

2015च्या बाल न्याय कायद्याचं कलम 3 हेच मानतं: पहिली जबाबदारी कुटुंबाची, संस्था हा शेवटचा उपाय. आपल्या राज्याची बालसंगोपन योजनाही त्याच वाटेवरची. एकट्या पालकाच्या किंवा गंभीर आजारी आईबापांच्या मुलासाठी आता महिना 2250 रुपये मिळतात. घराची पाहणी होते, बाल कल्याण समिती आदेश देते आणि मूल घरीच राहतं.

रक्कम तुटपुंजी आहे, कबूल. पण उद्या तुमच्या मजल्यावरची एखादी विधवा बाई म्हणाली, "पोराला बालगृहात ठेवते, झेपत नाही," तर तिला बालगृहाचा पत्ता देण्याआधी या योजनेच्या अर्जाचं सांगा. जमलं तर तिच्यासोबत महिला व बालविकास कार्यालयात जा. एवढ्यानंही एखादं घर मोडायचं वाचेल.