सिकलसेल आणि नाकारलेलं आईपण

१९७१ साली अमेरिकेतल्या मेम्फिसच्या डॉक्टरांनी एका नामांकित स्त्रीरोग नियतकालिकात सल्ला छापला : सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या बाईने मूल होऊ देऊ नये, नसबंदी करून घ्यावी, दिवस गेलेच तर गर्भपात करावा. लेखकांत लेम्युएल डिग्ज होते, उभी हयात या आजाराच्या अभ्यासात घालवलेले. त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. हे गरोदरपण किती जीवघेणं ठरतं, ते त्यांनी पाहिलं होतं. पण तिथे हा आजार मुख्यतः कृष्णवर्णीयांचा होता, आणि १९७३ मध्ये अलाबामात दोन कृष्णवर्णीय अल्पवयीन बहिणींची घरच्यांना नीट कल्पना न देता नसबंदी झाल्याचं उघडकीस आलं. अशा देशात ‘मूल नको’ हा सल्ला निव्वळ वैद्यकीय कसा राहणार?

धोका मात्र खराच होता, आजही आहे.

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेलमधली जेमतेम १० ते २०. म्हणजे मुळातच रक्त कमी, त्यात गर्भारपणात शरीराला जास्त रक्त लागतं. विळ्यासारख्या वाकलेल्या ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदनांचा क्रायसिस येतो. छातीत अडकल्या तर श्वास कोंडतो, वारेत अडकल्या तर बाळाची वाढ खुंटते. रक्तदाब चढणं, गुठळ्या होणं, अपुऱ्या दिवसांची प्रसूती हेही वाढतं.

मग बदललं काय? आजार तोच राहिला, देखरेख सुधारली. १९८८ मध्ये मेबल कोशी आणि सहकाऱ्यांनी ७२ गर्भवतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. नियमित रक्त चढवल्याने क्रायसिस कमी झाले, बाळांच्या बाबतीत मात्र फरक दिसला नाही. १९९६ मध्ये २८६ स्त्रियांच्या ४४५ गर्भधारणांचा आढावा आला आणि मेम्फिसचा सरसकट नकार टिकला नाही.

महाराष्ट्राचा या आजाराशी संबंध जुना आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली होती. गडचिरोलीसह विदर्भ, नंदुरबार, धुळे इथल्या घराघरांत हा शब्द आज ओळखीचा आहे. राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू व्हायला मात्र १ जुलै २०२३ उजाडला.

या भागातल्या प्रत्येक जोडप्याने दिवस राहण्याआधीच दोघांचीही तपासणी करून घ्यावी. दोघेही वाहक (स्वतः आजारी नसलेले, पण सदोष जनुक पुढे देऊ शकणारे) असतील, तर प्रत्येक खेपेला मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. आजार असलेल्या बाईने हायड्रॉक्सीयुरिया या औषधाबद्दल आधीच डॉक्टरांशी बोलावं, फॉलिक अ‍ॅसिड चुकवू नये, लोहाची गोळी फेरिटिन (शरीरातला लोहसाठा) पाहूनच घ्यावी आणि रक्तपेढी असलेल्या रुग्णालयात पहिल्या काही महिन्यांतच नाव नोंदवावं.