लिंबूसत्त्वाची हाताळणी व साठवण

लिंबूसत्त्व अथवा लिंबूफूल या नावांनी ओळखले जाणारे सायट्रिक आम्ल हे खाद्यपदार्थांना आंबटपणा आणण्यासाठी व ते टिकवण्यासाठी वापरले जाणारे पांढरे, स्फटिकमय व गंधहीन आम्ल होय. महाराष्ट्रात सरबताचा पाक, जॅम, ढोकळ्याचे तयार पीठ, पनीर इत्यादींसाठी ते घरोघरी वापरले जाते. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर त्याचा उल्लेख ‘अम्लता नियामक ३३०’ असा आढळतो. पदार्थात योग्य प्रमाणात मिसळलेले लिंबूसत्त्व निर्धोक असते. कोरडी भुकटी मात्र डोळे, श्वासमार्ग व दात यांना अपाय करते. दिसण्यात ती साखर, मीठ, तुरटीची पूड व काही विषारी रसायने यांच्याशी मिळतीजुळती असल्याने अदलाबदलीचा धोकाही संभवतो.

स्वरूप

कार्ल विल्हेल्म शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून हे आम्ल प्रथम स्फटिकरूपात वेगळे केले. नाव लिंबाचे असले तरी आज बाजारात मिळणारे लिंबूसत्त्व लिंबापासून काढलेले नसते. ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी शर्करायुक्त द्रवात वाढवून ते मिळवतात. जेम्स करी यांनी १९१७ मध्ये या बुरशीचा हा गुण दाखवून दिला व त्यानंतर लवकरच अमेरिकेत त्यावर आधारित कारखानदारी सुरू झाली.

लिंबूसत्त्व निर्जल व सजल अशा दोन रूपांत मिळते. सजल रूपाच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचा एक रेणू असतो. ते पाण्यात अत्यंत विद्राव्य असून विरघळताना पाणी किंचित गार होते. त्याच्या एक टक्का द्रावणाचा पीएच सुमारे २.२ भरतो.

ओळख व गफलत

लिंबूसत्त्वामुळे होणाऱ्या अपघातांचा विचार करताना भुकटीच्या दाहकतेइतकेच तिच्या निनावीपणाकडे लक्ष द्यावे लागते. खेड्यांतील किराणा दुकानांत ते पुष्कळदा सुटे, कागदाच्या पुडीत किंवा साध्या प्लास्टिकच्या पिशवीत मिळते. घरी आल्यावर ती पुडी फडताळात तुरटी, खाण्याचा सोडा व पापडखार यांच्या शेजारी जाऊन बसते. चार महिन्यांनी ती कशाची हे ठेवणाऱ्यालाही सांगता येत नाही. फरशी चमकवण्यासाठी व गंजाचे डाग काढण्यासाठी वापरले जाणारे ऑक्झॅलिक आम्लही असेच पांढरे व आंबट असते. ते विषारी असून रक्तातील कॅल्शियम घटवते व मूत्रपिंडांना इजा करते. कॉस्टिक सोडा तर तोंड व अन्ननलिका जाळतो. म्हणून अनोळखी पांढरी पूड जिभेवर ठेवून पाहण्याची सवय सर्वथा त्याज्य आहे.

हिंगोली जिल्हा हळदीचा. साखऱ्यापासून वसमतपर्यंत कोणत्याही स्वयंपाकघरात ओळखीची एक ढोबळ कसोटी हाताशी असते. हळदीचे पाणी कॉस्टिक सोडा, धुण्याचा सोडा किंवा चुना यांच्या संयोगाने तांबडे होते. लिंबूसत्त्वाने ते पिवळेच राहते. मात्र या कसोटीवर विसंबून पूड अन्नात घालणे चुकीचे ठरेल. साखर, मीठ, तुरटी व ऑक्झॅलिक आम्ल यांनीही हळद पिवळीच राहते. खाण्याच्या सोड्यावर टाकून फेस येतो का हे पाहिल्यानेही भागत नाही, कारण ऑक्झॅलिक आम्ल व तुरटी यांनीही फेस येतो. ज्या पुडीवर नाव नाही ती टाकून द्यावी. लिंबूसत्त्व तितके महाग नाही.

खरेदी करताना बंद पाकिटावर पदार्थाचे नाव, भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक, वजन व मुदत पाहावी. औद्योगिक दर्जाचे किंवा सफाईसाठी विकले जाणारे सायट्रिक आम्ल अन्नात वापरू नये. चिंचेचे सत्त्व म्हणजे टार्टारिक आम्ल. तो वेगळा खाद्यपदार्थ असून दोहोंची मापे एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

साठवण

लिंबूसत्त्वाचा वैरी म्हणजे दमट हवा. आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की निर्जल भुकटी हवेतील पाणी ओढून घेते, तिचे खडे होतात व शेवटी ती पाझरू लागते. मराठवाड्यात जून ते सप्टेंबर या काळात हे हमखास घडते. उलट एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखालील खोलीत सजल रूपातील पाणी सुटून तेही गोळा होते. खडे झालेले लिंबूसत्त्व नासलेले नसते, पण चमच्याचे माप फसते. ते कुटून, वजन करून वापरावे. टोमॅटोचा गर टिकवताना हे विशेष महत्त्वाचे, कारण गराचा पीएच ४.६ च्या खाली राहिला नाही तर हवाबंद बाटलीत बोट्युलिझमचे विष निर्माण करणारे जंतू वाढू शकतात. येथे आम्ल कमी पडणे हाच धोका असतो.

साठवणीसाठी घट्ट झाकणाची काचेची, चिनी मातीची किंवा खाद्यदर्जाच्या प्लास्टिकची बरणी घ्यावी. पत्र्याच्या डब्याला दमटपणात गंज चढतो. बरणी चुलीपासून व मोरीपासून दूर, मुलांच्या हाताबाहेर ठेवून तिच्यावर ठळक अक्षरांत नाव व आणल्याची तारीख लिहावी. चमचा कोरडाच असावा. खाण्याचा सोडा व लिंबूसत्त्व असलेली तयार मिश्रणे कोरडी असेपर्यंत शांत असतात; ओल शिरली की वायू सुटून बंद पाकीट फुगते.

भांडी

पितळी व तांब्याच्या भांड्यांना कल्हई करण्याची जुनी चाल केवळ चकाकीसाठी नव्हती. कथिलाचा थर आंबट पदार्थाला तांब्यापर्यंत पोहोचू देत नाही. कल्हई उडालेल्या भांड्यात सरबत ठेवल्यास तांबे त्यात उतरते व मळमळ, उलट्या, पोटदुखी होते. हल्ली पुन्हा लोकप्रिय झालेल्या तांब्याच्या बाटल्यांत लिंबूपाणी भरणेही त्याच कारणाने अयोग्य होय. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी बादल्या व टाक्या याहून घातक असतात, कारण जस्त आम्लात झपाट्याने विरघळते. लग्नकार्यात व सप्ताहात मोठ्या प्रमाणावर सरबत करताना स्टीलची पातेली वापरावीत. कीटकनाशकाचे रिकामे पिंप कितीही धुतले तरी या कामासाठी घेऊ नये.

घरातील शहाबादी फरशी हा चुनखडक आहे. त्यावर लिंबूसत्त्वाचे पाणी सांडल्यास फेस येऊन कायमचा पांढुरका डाग पडतो. सांडलेली पूड आधी कोरडीच झाडून घ्यावी व मग भरपूर पाण्याने जागा धुवावी.

क्लोरीनचा धोका

विहिरी व टाक्यांच्या निर्जंतुकीकरणासाठी ग्रामपंचायती विरंजक चूर्ण वापरतात. गावात ते ‘टीसीएल पावडर’ म्हणून परिचित आहे. ते किंवा कपड्यांचे ब्लीच लिंबूसत्त्वाशी एकत्र आल्यास क्लोरीन वायू सुटतो. क्षाराचे डाग जावेत म्हणून लिंबूसत्त्व लावायचे आणि वास जावा म्हणून त्यावरच ब्लीच ओतायचे, असा प्रकार न्हाणीघरात सहज घडतो. क्लोरीन हवेपेक्षा जड असल्याने कोंदट जागेत खालीच साचतो. दोन्ही पदार्थ वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावेत व एकाच दिवशी एकाच जागी वापरू नयेत. तीव्र वास आल्यास मिश्रणावर काही ओतत न बसता तत्काळ मोकळ्या हवेत जावे.

हाताळणी व प्रथमोपचार

थोडी पूड घेताना विशेष साधने लागत नाहीत. किलोंच्या हिशेबाने ओतताना मात्र नाकातोंडावर फडके अथवा मास्क, डोळ्यांवर चष्मा व हातांत मोजे असावेत. भेगाळलेल्या किंवा कापलेल्या हातांना ती फार झोंबते. बारीक धूळ हवेत दाट पसरल्यास पेट घेऊ शकते, म्हणून गिरणीत किंवा मिश्रणगृहात जवळ ज्योत नसावी.

डोळ्यांत पूड गेल्यास डोळे न चोळता, पापण्या उघड्या धरून किमान १५ मिनिटे स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवावे व त्यानंतर डॉक्टरांना दाखवावे. सोड्याचे पाणी डोळ्यांत घालू नये. पूड गिळली गेल्यास चूळ भरून घोट घोट पाणी प्यावे, उलटी मुद्दाम करवू नये. गिळलेली पूड कशाची याची खात्री नसेल, किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व उरलेली पुडी सोबत न्यावी. मुले लिंबूसत्त्व मिठासाखरेबरोबर चाटतात, त्याने दातांचे कवच मऊ पडते. अशा वेळी केवळ चूळ भरावी. लगेच दात घासल्यास मऊ पडलेला थर खरवडला जातो, म्हणून निदान अर्धा तास थांबावे.