माटवीची चौकट, कागदाची जाळी

चतुर्थी उद्यावर आली की सिंधुदुर्गातल्या घरात माटवीचं काम निघतं. वर्षभर माळ्यावर पडून असलेली लाकडी पट्ट्यांची चौकट खाली येते, धुऊन पुसून घेतली जाते आणि गणपती जिथे बसणार त्या जागेच्या बरोबर वर, छताला टांगली जाते. मग अंगणात पसरलेला ढीग एकेक करून वर चढतो. बांधायला केवणीच्या सालीचे दोर. ओली साल हवी तशी वळते आणि वाळली की गाठ आवळून बसते. नारळ आणि सुपारीचे घोस आधी, कारण जड माल नीट तोलून बांधावा लागतो. त्यानंतर चिबूड, काकडी, आंबाडे, तोरिंजन, कवंडळाची लालभडक फळं, घागरीच्या शेंगा. उरलेल्या फटींत हरणाची पिवळी फुलं, कळलावी आणि पांढऱ्या पानासारख्या पाकळ्यांचं शेरवड. कळलावी विषारी आणि कवंडळ कडूजहर, पण ती इथे शोभेसाठी असतात आणि कोणती वस्तू कशासाठी, हे बांधणाऱ्याला ठाऊक असतं.

गोव्यात हिलाच माटोळी म्हणतात. शोभेच्या खर्चाचा विचार केला तर हिच्याइतकी हुशार सजावट शोधून सापडायची नाही. भाद्रपद हा कोकणातल्या शेतकऱ्याच्या हाती पैसा नसण्याचा महिना. भात अजून शेतात उभं, कापणी पुढे, पावसाने वाटा अडलेल्या. पण याच महिन्यात रान मात्र ओसंडून वाहत असतं. खिशात काही नसताना दाराबाहेर जे भरभरून आहे त्यानेच देवाचं छत सजवायचं, ही माटवीची सगळी रीत. त्यातली एकही वस्तू वर्षभर टिकणारी नाही, म्हणून दरवर्षी ती नवी.

मूर्तीच्या मागची भिंतही अशीच दरवर्षी नवी होते. सारवून, रंग देऊन तिच्यावर देखावा काढायचा. गावात चित्रकलेचा हात असलेला एखादा मुलगा असला की श्रावण संपता संपता त्याला घरोघरचं बोलावणं येतं, आणि एका वाडीतल्या चार भिंतींवर एकाच हाताचे मोर दिसतात.

गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झालं आणि मूर्तिपूजा धोक्याची झाली. त्या काळाची खूण काही घराण्यांत आजही दिसते: मातीची मूर्ती न आणता कागदावर काढलेला गणपती किंवा पत्री पुजली जाते. मूर्ती गेली, तरी पानं राहिली. सजावट म्हणजे हौस, असं सहज म्हटलं जातं. या घराण्यांत ती हौसेच्या फार पुढची गोष्ट होती.

१८५० च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या निघाल्या आणि पुढच्या काळात कोकणातली माणसं बोटीने गिरणगावात येत राहिली. राहायला चाळीतली एक खोली, तीही अनेकदा चार-पाच बिऱ्हाडकरूंत वाटलेली. इथे ना रान, ना माटवी टांगायला तुळई. १८९३ मध्ये लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला बळ दिल्यावर गल्लोगल्ली मंडप आणि आरास उभी राहू लागली, आणि घरातल्या कोपऱ्यालाही तिची ओढ लागली. शहरात रानासारखं स्वस्त आणि मुबलक काय होतं? कागद.

कागदी मखराचा सांगाडा बांबूच्या कामट्यांचा. वर घोटीव कागद, पतंगी कागद, पुढे क्रेप आणि जिलेटिन. चिकटवायला घरच्या मैद्याची खळ, आणि तिला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. खरी करामत जाळीची. चौकोनी कागदाची घडी, त्या घडीची पुन्हा घडी, मग तिरकी. शिसपेन्सिलने अर्धंच फूल काढायचं, कारण उरलेलं अर्धं घडी देणार. लहान कात्रीने आतले कोपरे कोरायचे, पण घडीची कड सगळी कापायची नाही. ती कापली की हातात तुकडेच येतात. शेवटी कागद हलक्या हाताने उलगडायचा. त्या क्षणी खोलीतली सगळी पोरं मान पुढे काढून बघतात. काही आण्यांच्या कागदातून असा संगमरवरी खिडकीसारखा पडदा निघायचा, आणि मागे समई लावली की त्याची सावली भिंतीवर पडायची.

सोनेरी चमक हवी तर बेगड. धातूचा तो पातळ चकचकीत पत्रा मखराच्या खांबांना, मुकुटांना चिकटवायचा. सोनं नव्हे, पण सोन्यासारखं, म्हणून दिखाऊ वस्तूला मराठीत ‘बेगडी’ म्हणायची चाल पडली. शब्दाने बेगडावर अन्यायच केला. ज्यांना सोनं परवडत नव्हतं त्यांच्या देव्हाऱ्यात त्याने उजेड आणला.

मग आला थर्माकोल. हे मुळात बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीच्या मालाचं व्यापारी नाव, पुढे सगळ्याच पांढऱ्या फेसाळ पाट्यांना चिकटलेलं. त्यात सुमारे ९८ टक्के हवाच असते. अख्खं मखर एका हाताने उचलून लोकलमधून नेता यायचं, तापलेल्या तारेने लोण्यासारखं कापता यायचं, कमानी-खांब-मोर तयार मिळायचे. कमी पैशांत महाल उभा करायचा मोह कुणाला होणार नाही? पण घरच्या कात्रीचं काम दुकानात गेलं, आणि विसर्जनानंतर हा महाल पाण्यात विरघळायचा नाही. किनाऱ्यावर त्याचे पांढरे कण उरायचे.

मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या शोभेच्या वस्तूंवरही बंदी घातली. त्या वर्षीच्या गणपतीपुरती सूट मिळावी म्हणून व्यावसायिक मुंबई उच्च न्यायालयात गेले. जुलैमध्ये न्यायालयाने ती नाकारली. धंदा करणाऱ्या छोट्या कारागिरांना तो हंगाम जड गेला, हेही विसरता कामा नये. पर्याय मात्र आधीपासून होता. कलादिग्दर्शक नानासाहेब शेंडकर यांनी थर्माकोल सोडून पुठ्ठ्याची घडी होणारी मखरं केव्हाच बनवायला घेतली होती. पुढच्या वर्षी पुन्हा उघडता येणारं मखर ही कल्पना मध्यमवर्गीय घराला चटकन पटली. आणि ज्या घरात पुठ्ठाही नको होता तिथे आईची ठेवणीतली जरीची साडी निऱ्या घालून मागे टांगली गेली. तिला तर खर्च शून्य, आणि सण संपला की ती घडी घालून पुन्हा कपाटात.

रानाची सजावट मात्र आता शहरालाच परत हवी झाली आहे. गोव्याचं कला व संस्कृती संचालनालय दरवर्षी माटोळी बांधण्याची स्पर्धा घेतं आणि स्पर्धक शेकडो प्रकारच्या फळा-शेंगा-मुळांनी चौकट भरतात. म्हापसा, फोंडा, सावंतवाडीच्या बाजारांत चतुर्थीआधी रानातली ही सामग्री घेऊन गावोगावच्या बायका पहाटेच येऊन बसतात. फ्लॅटमध्ये राहणारी गिऱ्हाइकं वाकून एखादी शेंग उचलतात आणि विचारतात, “मावशे, ह्यां काय गो?” मावशी नाव सांगते, ती कुठल्या डोंगरावर येते ते सांगते, केवणीच्या सालीचा एक दोर पदरचा घालते, आणि गाठ कशी मारायची ते तिथेच, पोत्यावर बसल्या बसल्या, करून दाखवते.