खिडकीवरच्या प्लायवूडची कुळकथा

अमेरिकेत डेट्रॉईट, बाल्टिमोर, क्लीव्हलँड यांसारख्या शहरांच्या जुन्या वस्त्यांत ओस पडलेलं घर लांबूनच ओळखू येतं. खिडक्यांवर आणि दारावर प्लायवूड ठोकलेलं असतं. मालक मेला असेल, कर थकला असेल, बँकेनं जप्ती आणली असेल. घराचा चेहरा मात्र एकसारखाच. ही रीत इतकी रुळली आहे की ती घरांइतकीच जुनी असावी असं वाटतं. पण तिला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत, आणि तिच्या आधी एका गोंदाचा शोध लागावा लागला.

फळ्यांनी दार बंद करणं अर्थात जुनंच. आपल्या बाजारपेठांतली जुनी दुकानं शटर येण्याआधी अशीच बंद व्हायची. उंबऱ्याच्या खाचेत एकेक फळी सरकवायची, शेवटच्या फळीला कुलूप घालायचं. पण सकाळ झाली की दुकानदार येऊन त्या फळ्या काढायचा. ज्या फळीबद्दल मी लिहितो आहे, ती काढायला उद्या कुणी येणार नाही हे ठोकणाऱ्याला ठाऊक असतं. तिची सगळी कथा त्या एका फरकातून निघते.

सुरुवात 1905 सालची, ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडची. तिथल्या जागतिक प्रदर्शनासाठी काहीतरी नवं दाखवा, असं स्थानिक कारखान्यांना सांगण्यात आलं होतं. सेंट जॉन्स भागात पोर्टलंड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी नावाचा कारखाना होता. त्यातल्या गुस्ताव्ह कार्लसननं डग्लस फरच्या लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून तक्ते केले. यंत्रं नव्हतीच. गोंद लावला रंगाच्या ब्रशांनी, आणि दाब द्यायला वापरले घरं उचलण्याचे जॅक. प्रदर्शनात दारं, कपाटं आणि ट्रंका बनवणाऱ्यांनी ते तक्ते हेरले. एका पापुद्र्याचे तंतू आडवे, दुसऱ्याचे उभे, त्यामुळे तक्ता तडकत नाही आणि फाटतही नाही. ही युक्ती जुनीच होती. नवं होतं ते स्वस्तात, मोठ्या आकारात तक्ते काढणं.

पण हा तक्ता पावसात टिकत नसे. 1920 च्या सुमारास मोटारींच्या पायफळ्यांसाठी तो भरपूर खपू लागला, आणि भिजून त्याचे पापुद्रे सुटायला लागल्यावर मोटारवाले पत्र्याकडे वळले. असला तक्ता खिडकीला बाहेरून ठोकला असता, तर दोन पावसाळ्यांत उकलून लोंबू लागला असता. 1934 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या ॲबरडीन इथे हार्बर प्लायवूड कंपनीच्या जेम्स नेव्हिन या रसायनशास्त्रज्ञानं पूर्णपणे जलरोधक गोंद तयार केला. 1928 पासून चार फूट बाय आठ फूट हे माप ठरून गेलंच होतं. एका तक्त्यात एक खिडकी झाकायची आणि तो वर्षानुवर्षं उन्हापावसात ठेवायचा, हे आता जमणार होतं.

त्याच 1934 साली अमेरिकी सरकारनं घरकर्जांना हमी देणारी फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन स्थापन केली. हमी मिळायची ती मुख्यतः शहराबाहेरच्या नव्या, गोऱ्यांच्या वसाहतींना. जुन्या शहरांतल्या मिश्र आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नकाशांवर रेघा ओढून जोखमीच्या ठरवल्या आणि वगळल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं भराभर उभी राहिली, त्यांच्या भिंती, जमिनी, छपरं याच प्लायवूडची. 1954 पर्यंत प्लायवूडच्या गिरण्या शंभरावर गेल्या होत्या. शहरातून लोकांना ओढून नेणारं घर ज्या मालाचं, त्याच मालानं त्यांची मागे राहिलेली घरं बंद केली. या इतिहासातली मला सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट हीच आहे. कुणी कट करून हे घडवलं नाही, पण ते घडलं हमीपत्रांतून आणि नकाशांवरच्या रेघांतून.

1968 च्या गृहनिर्माण कायद्यानंतर सरकारनं अचानक शहरातल्या गरीब वस्त्यांनाही कर्जहमी द्यायला सुरुवात केली. दलालांनी मोडकळीला आलेली घरं वरवर रंगवून गरिबांच्या गळ्यात मारली. पाणी गळणारी, ऊब देणारी भट्टी बंद पडलेली घरं घेऊन बसलेल्या कुटुंबांना हप्ते पेलेनात आणि ती घर सोडून गेली. हमी सरकारची, त्यामुळे घरंही सरकारच्या, म्हणजे ‘हड’ या गृहनिर्माण खात्याच्या गळ्यात आली. 1970 च्या दशकात डेट्रॉईटमध्ये अशी हजारो घरं या खात्याकडे पडून होती. अग्निशमन दलाचे जवान प्लायवूडनं बंद केलेल्या खिडकीला आजही ‘हड खिडकी’ म्हणतात.

ती बसवण्याची पद्धत नीट पाहण्यासारखी आहे. नुसते खिळे मारले तर पहारीनं दोन मिनिटांत तक्ता निघतो, शिवाय चौकट फुटते. म्हणून तक्ता खिडकीच्या मापानं कापून खाचेत बसवतात. बाहेरून त्याच्यावर दोन आडव्या पट्ट्या, आतून चौकटीला पलीकडून अडणाऱ्या तशाच दोन पट्ट्या, आणि दोन्हींमधून आरपार जाणारे लांब बोल्ट. बोल्टचं बाहेरचं डोकं गोल आणि गुळगुळीत, म्हणजे पान्याला पकड मिळत नाही. नट आतल्या बाजूला. अमेरिकी खिडकीचे दोन काचेचे पाट वर-खाली सरकतात. ते दोन्ही मध्यावर आणले की वर आणि खाली जागा मोकळी होते आणि बोल्ट काच न फोडता पार जातात. वरच्या मजल्यांवरच्या तक्त्यांना वारा खेळावा म्हणून भोकं पाडतात, नाहीतर आत ओल धरून लाकूड कुजतं. शेवटचा माणूस आतून नट घट्ट करतो आणि एका दारानं बाहेर येतो. त्या दाराला कडी आणि कुलूप. घर परत कधीतरी वापरात येईल, त्याची काच आणि चौकट तोवर जपली पाहिजे, या विश्वासानं कुणीतरी ही पद्धत आखली आहे. ती पाहताना मला त्या अनाम कारागिराबद्दल आदर वाटतो.

पण घर जपणारा हाच तक्ता रस्त्याला सांगत राहिला की इथे कुणी नाही. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये 1970 ते 1980 या दहा वर्षांत आगी आणि ओसाडी यांमुळे काही जनगणना विभागांतल्या जवळपास सगळ्या इमारती नाहीशा झाल्या. उरलेल्या रिकाम्या इमारती हमरस्त्यावरून दिसत. 1983 मध्ये महापौर एड कॉच यांच्या प्रशासनानं त्या खिडक्यांवर चित्रांच्या चिकटपट्ट्या लावायचं ठरवलं. त्यांवर पडदे, झडपा, कुंडीतली झाडं! शेजारी राहणाऱ्या माणसांना यातून काय मिळणार होतं? त्यांना दुरुस्त घर हवं होतं. मोटारीतून ताशी पन्नास मैलांनी जाणाऱ्याच्या डोळ्यांसाठी केलेली ही सोय त्यांनी अपमान मानली, आणि त्यांचं बरोबर होतं.

बंद घराची खरी किंमत अग्निशमन दलानं मोजली. 3 डिसेंबर 1999 ला मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टरमध्ये एका बंद पडलेल्या शीतगृहाला आग लागली. इमारत वर्षानुवर्षं रिकामी, भिंतींना उष्णतारोधक जाड थर, खिडक्या जवळजवळ नाहीतच. आत बेघर माणसं असतील म्हणून जवान त्यांना शोधायला शिरले. ज्या दोघांना ते शोधत होते ते आधीच बाहेर पडले होते. सहा जवान परत आले नाहीत. रिकाम्या इमारतींवर धोक्याच्या खुणा हव्यात या मागणीला त्यानंतर देशभर जोर आला. शिकागोत 2010 च्या डिसेंबरमध्ये ओसाड धुलाईघराचं छत कोसळून दोन जवान गेले, आणि 2012 पासून तिथे धोकादायक रिकाम्या इमारतींवर लाल फुलीच्या पाट्या लागू लागल्या. म्हणजे बाहेरचा आत येऊ नये म्हणून लावलेल्या तक्त्यावर आता दुसरी पाटी आली: वाचवायला येणाऱ्यानंही विचार करून आत यावं.

2008 च्या कर्जसंकटानंतर प्लायवूडचे दिवस भरत आले. क्लीव्हलँडच्या स्लॅव्हिक व्हिलेजसारख्या वस्त्यांत ओळीनं जप्ती आली, आणि एका घरावर तक्ता चढला की शेजारच्या घराचा भाव पडायचा. फिलाडेल्फियानं 2011 पासून वेगळी वाट धरली: ज्या गल्लीत बहुतेक घरं वसलेली आहेत तिथल्या रिकाम्या घराला खरं दार आणि खरी खिडकीच हवी, तक्ता चालणार नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या मालकांनी हा नियम पाळला त्यांच्या इमारतींच्या आसपास हल्ले आणि बंदुकीचे गुन्हे घटल्याचं दिसलं. एका दारानं एवढं होतं हे मला पटतं. दार लावायला मालकाला शोधावं लागतं, नोटीस द्यावी लागते, तो आला नाही तर कोर्टात ओढावं लागतं. म्हणजे त्या घराला पुन्हा एक जबाबदार माणूस मिळतो. तक्त्याला मालक लागत नाही, कंत्राटदार पुरतो.

ओहायोनं आणखी पुढे जाऊन जप्तीतल्या, ओसाड ठरलेल्या घरांवर प्लायवूड लावायलाच कायद्यानं मनाई केली. 2017 पासून ती लागू आहे. प्लायवूडऐवजी आलं पॉलीकार्बोनेट: पारदर्शक, काचेसारखं दिसणारं, हातोड्यानं न फुटणारं. रस्त्यावरून खिडकी खिडकीसारखीच दिसते आणि पोलिसांना बॅटरीच्या उजेडात आत डोकावता येतं. अग्निशमन दलापुढे मात्र नवा प्रश्न उभा राहिला, कारण ज्या कुऱ्हाडीनं काच फुटते ती या पत्र्यावरून उसळते. तो कापायला योग्य पात्याची फिरती करवत लागते. म्हणून अनेक दलांत आता पॉलीकार्बोनेटची खिडकी लांबून कशी ओळखायची आणि कुठून कापायची, याचा वेगळा सराव घेतला जातो.