शंतनुरावांची अटक आणि आमची कच्ची वही

वाचकहो, १९८५ साली शंतनुराव किर्लोस्करांना अटक झाली तेव्हा तुमच्या घरात काय बोलणे झाले, ते जरा आठवून पाहा. आमच्याकडे वडील वर्तमानपत्र खाली ठेवून एवढेच म्हणाले, "आपल्या माणसाला धरलं."

आपला माणूस म्हणजे काय? शंतनुरावांचा जन्म १९०३ चा, तोही सोलापूरचा. पण त्यांचे वडील लक्ष्मणराव मूळचे गुर्लहोसूरचे. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे कारखान्याची जागा सोडावी लागली, म्हणून १९१० मध्ये ते औंध संस्थानात कुंडलच्या माळावर गेले. किर्लोस्करवाडी बेळगावातच झाली असती, ही हळहळ आपल्याकडे अजून ऐकू येते. त्यामुळे ऐंशी उलटलेल्या त्यांच्या मुलाला सरकारने धरले, हे इथे घरचे दुःख झाले.

खटला नेमका आयकराचा नव्हता. आरोप परकीय चलन नियमन कायद्याच्या, म्हणजे 'फेरा'च्या भंगाचा होता. बाजारपेठेत मात्र सगळ्याला एकच नाव होते, 'टॅक्सची धाड'. अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंग यांनी त्या वर्षी एका हाताने आयकराचा वरचा दर सुमारे ६२ टक्क्यांवरून ५० वर आणला आणि दुसऱ्या हाताने धाडी घातल्या. १९७३-७४ मध्ये तो दर ९७.७५ टक्के होता. शंभरातले सव्वादोन रुपये हाती उरणार असतील तर माणूस लपवेलच, असे व्यापारी म्हणत. उद्योजकांनी या कारभाराला 'रेड राज' म्हटले. उलट बाजूही खोटी नव्हती. शाळामास्तरांचा कर पगार हाती पडण्याआधीच कापला जाई. मग मोठ्याला कायदा का नको, हा त्यांचा प्रश्न होता.

मला मास्तरांचे पटते. तरीही एक गोष्ट खुपते. मी साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणारा माणूस, वकील नव्हे. पण त्या कायद्याचे ५९ वे कलम समजायला वकील लागत नाही. गुन्ह्याला लागणारा हेतू आरोपीच्या मनात होताच, असे न्यायालयाने धरून चालायचे. नव्हता, हे आरोपीने सिद्ध करायचे. आमच्या कट्ट्यावर वाद झाला तो शंतनुरावांचे वय, मोठेपणा आणि मराठीपण यांवर. या कलमावर कोणी बोलले नाही.

आम्हा जैनांत अचौर्य व्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत. खोटी वजनेमापे त्यांत आहेत, तसा 'विरुद्धराज्यातिक्रम'ही आहे. राज्याचे नियम ओलांडून केलेला व्यवहार, असा त्याचा अर्थ लावतात. सीमेवरच्या माणसांनी हा शब्द ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पलीकडे गोव्यात पोर्तुगीज होते तेव्हा गुंजीहून लोंढ्यापुढे गेले की कॅसलरॉकला जकात लागे, आणि ती चुकवणाऱ्याच्या हुशारीच्या गोष्टी आपल्याकडे कौतुकाने सांगितल्या जात. आमच्या दुकानातही पक्की वही होती आणि कच्चीही होती. वडील दररोज देवदर्शन केल्याशिवाय जेवत नसत. कच्ची वही ते स्वतः लिहीत. मी विचारले तेव्हा म्हणाले, "सगळेच करतात." तेच वडील शंतनुरावांच्या अटकेने हळहळले. त्यांत आपली स्वतःची धास्ती किती होती, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

फेरा १ जून २००० ला गेला आणि त्या जागी 'फेमा' आला. चलनाच्या नियमभंगाला आता मुख्यतः दंड आहे. पण आरोपीचा हेतू गृहीत धरणारे तसेच कलम, २७८ ई, सप्टेंबर १९८६ मध्ये आयकर कायद्यात आले होते. त्या वेळी कट्ट्यावर त्याची चर्चा झाल्याचे मला आठवत नाही. ते कलम कारखानदाराला लागू होते, तसेच खानापूरच्या किराणा दुकानदारालाही.