जावक रजिस्टरमधला आपला इतिहास

स्मरणिकेच्या मंडळाने मला शाळेला मिळालेल्या बक्षिसांवर लिहायला सांगितलं होतं. पण बक्षिसांची पाटी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर आजही आहे; स्नेहमीलनाला याल तेव्हा वाचालच. मी लिहितो आहे ते पाटीवर न आलेल्या गोष्टीविषयी. मुलांनी केलेलं काम शाळेच्या फाटकातून निघून परीक्षकांच्या टेबलापर्यंत कसं जायचं, आणि कधी कधी का जायचं नाही, याविषयी. त्यासाठी ऑफिसने मला जुनी जावक रजिस्टरं चाळू दिली. लाल कापडी बांधणी, आत वाळवीची नक्षी, आणि बडे बाबूंचं ते मोत्यासारखं अक्षर. कोणत्या दिवशी, कोणाला, काय, किती रुपयांचं तिकीट लावून, असं सगळं एका ओळीत.

या ओळींमध्ये सर्वांत जुनी आणि दरवर्षी न चुकता येणारी नोंद आहे ती दिल्लीच्या शंकर्स चित्रकला स्पर्धेची. व्यंगचित्रकार के. शंकर पिल्लई यांनी १९४८ मध्ये ‘शंकर्स वीकली’ सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, मुलांसाठी ही स्पर्धा. थोड्याच काळात ती आंतरराष्ट्रीय झाली. साप्ताहिक १९७५ मध्ये आणीबाणीत बंद पडलं, स्पर्धा मात्र चालू राहिली. आपल्या कितीतरी आधीच्या तुकड्यांपासून शाळेची चित्रं तिथे जात होती. गेलेलं चित्र परत येत नसे. त्यामुळे ज्याचं चित्र निवडलं जाई, त्याच्या आईला ते पुन्हा कधी दिसत नसे, हा एक वेगळाच हिशेब होता.

चित्रकलेच्या सरांचे पाठवणीचे नियम आपल्यापैकी अनेकांना पाठ असतील. चित्राची सुरळी करायची नाही. तेलखडूचं चित्र असेल तर वर बटर पेपर, नाहीतर एकाचा रंग दुसऱ्याच्या पाठीला. वर-खाली पुठ्ठा, आणि तो पुठ्ठा गांधीबागेतल्या कापड दुकानातून मागून आणलेल्या साड्यांच्या खोक्यांचा. चित्राच्या मागे नाव, जन्मतारीख, शाळा आणि ‘चित्र विद्यार्थ्याने स्वतः काढले आहे’ असा सही-शिक्क्याचा दाखला. सर म्हणायचे, चित्र वाईट असेल तर परीक्षक नाकारील, पण मागची बाजू कोरी असेल तर कारकूनच नाकारील. चपराशीकाका ते पाकीट घेऊन सायकलने जीपीओत जायचे, आणि उशीर झाला असला तर थेट स्टेशनवरच्या आरएमएसमध्ये, कारण तिथे टपाल उशिरापर्यंत घेत.

उशीर बहुधा डिसेंबरातच व्हायचा, आणि त्याचं कारण निव्वळ नागपुरी होतं. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन आपल्याकडे होतं, ते हिवाळ्यात. त्या दिवसांत झिरो माइल, मॉरिस कॉलेज, टेकडी रोड या भागात मोर्चे आणि अडवलेले रस्ते. मुंबई-पुण्याच्या आयोजकांना ३१ डिसेंबर ही तारीख सोयीची वाटत असेल, पण आपल्या शाळेपासून जीपीओ त्या दोन आठवड्यांत अचानक दूर जायचं. एका वर्षीच्या नोंदीपुढे बडे बाबूंनी कंसात ‘मोर्चा’ एवढाच शब्द लिहिला आहे. पुढे पोचपावतीचा रकाना रिकामा.

पोचपावती, म्हणजे रजिस्टर एडीचं ते कार्ड, ही बाबूंची खरी श्रीमंती होती. परत आलेली कार्डं ते तारेच्या आकड्याला अडकवून ठेवायचे. ज्या पाकिटाचं कार्ड आलं नाही, त्याची चौकशी ते स्वखर्चाने पोस्टकार्ड टाकून करायचे. (रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, हे ऐकायला बाबू नाहीत ते एका अर्थी बरंच.) शाळेच्या बक्षिसांत बाबूंचा वाटा किती, हे कोणत्याही गॅदरिंगमध्ये कोणी बोललं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

१९९३ नंतर रजिस्टरात वेगळी नोंद दिसू लागते: बालविज्ञान काँग्रेस. त्या वर्षी ती राष्ट्रीय पातळीवर सुरू झाली. दहा ते सतरा वयाच्या मुलांनी गट करून आपल्याच परिसरातला प्रश्न घ्यायचा, मोजमाप करायचं, रोजवही ठेवायची आणि निष्कर्ष मांडायचे. इथे एक मोठी सोय होती. काम पाकिटातून एकटं जात नसे, मुलं त्याच्यासोबत जात. तक्ता फाटला तर आपण तिथे उभे. परीक्षकाला अक्षर लागलं नाही तर आपण वाचून दाखवणार, तेही मराठीत. विज्ञानाच्या बाईंनी आपल्याला गांधीसागराजवळच्या रमण विज्ञान केंद्रात नेलं होतं ते याच तयारीच्या नादात. केंद्र १९९२ मध्ये सुरू झालेलं, तेव्हा अगदी नवं कोरं होतं.

आता २००० सालाकडे येतो, कारण माझ्या मते आपल्या शाळेच्या या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं काम तेव्हाचं आहे आणि त्याची नोंद पाटीवर नाही.

नववीची परीक्षा संपल्यावर आम्ही चौघांनी नाग नदीच्या काठच्या जुन्या विहिरींचा प्रकल्प घेतला. महाल, जुनी शुक्रवारी, पुढे जगनाडे चौकापर्यंत. नाग नदी लाव्हा टेकड्यांकडून अंबाझरीमार्गे येते आणि शहर ओलांडून पुढे कन्हानला मिळते. आपल्या लहानपणी तिला सगळे नालाच म्हणत. बाईंचा प्रश्न साधा होता: नदीजवळच्या विहिरींचं पाणी आणि लांबच्या विहिरींचं पाणी यांत फरक आहे का, आणि पाण्याची पातळी पावसाआधी व नंतर किती बदलते? चौघांत खरं काम केलं ते आपल्या वर्गातल्या जुन्या शुक्रवारीच्या मैत्रिणीने. (नाव लिहू नको असा तिचा निरोप आहे.) सुतळीला दर हातावर गाठ, टोकाला दगड, आणि कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर. एप्रिल-मेच्या उन्हात, मग पुन्हा सप्टेंबरात. तीसेक विहिरी. कोणाच्या मागच्या अंगणात, कोणाच्या देवळात, एक तर चक्क दुकानाच्या ओट्याखाली. बायका तिला घरात घेत, आम्हा मुलांना बाहेर उभं करत. म्हणून अर्ध्या विहिरींची मोजणी तिच्या एकटीच्या हातची आहे. विहीर कोणी खणली, कधीपासून पिणं बंद केलं, का बंद केलं, हेही ती विचारून लिहायची.

अहवाल हाताने लिहिलेला चाळीस पानांचा झाला. त्या वर्षी एका राज्यस्तरीय स्पर्धेचं पत्रक आलं होतं. त्यात अट होती की अहवाल संगणकावर टाइप करून फ्लॉपीवर पाठवावा, छापील किंवा हस्तलिखित प्रत पाठवू नये. स्पर्धेचं नाव घेत नाही. पंचवीस वर्षांनी कोणावर बोट ठेवण्यात अर्थ नाही, आणि त्यांच्या मनात वाईट काही होतं असंही मला वाटत नाही. नव्या शतकाचं वारं होतं, सगळ्यांनाच संगणक हवा होता.

शाळेत संगणक होते, पण मराठी टाइप करायची सोय नव्हती. बर्डीवरच्या एका डीटीपीवाल्याकडे काम दिलं. त्याचा मुख्य धंदा लग्नपत्रिकांचा, आणि दिवस लगीनसराईचे. आमची चाळीस पानं चार हप्त्यांत झाली. मधल्या वेळात लोडशेडिंग. तक्त्यांसाठी तो पानामागे वेगळे पैसे मागत होता, ते बाईंनी दिले. शेवटी १.४४ एमबीच्या दोन फ्लॉप्या तयार झाल्या, एक पाठवायची, एक जपायची. अधिवेशन, मोर्चे, आरएमएस हे सगळं यथासांग पार पडलं. पोचपावतीचं कार्डही आलं. बाबूंनी ते आकड्याला लावलं. त्यांच्या हिशेबाने काम फत्ते.

तीन आठवड्यांनी पाकीट परत आलं. फ्लॉपीतला मजकूर वाचता येत नाही, सबब प्रवेशिका अपात्र. बाईंनी उत्तर लिहिलं, छापील प्रत पाठवण्याची परवानगी मागितली. उत्तर आलं नाही, आणि मग आमची दहावीची परीक्षा आली.

तेव्हा आम्हाला वाटलं फ्लॉपी खराब होती. ती खराब नव्हती. काय झालं होतं हे मला कळलं ते इंजिनिअरिंगला गेल्यावर, आणि ते इथे सांगण्याजोगं आहे, कारण हे फक्त आपल्याच वाट्याला आलेलं नाही. त्या काळात श्रीलिपी, आकृती, कृतिदेव असे मराठीचे फॉन्ट चालत. त्यांत संगणकाला मराठी कळतच नसे. फाइलमध्ये साठवलेली असत ती इंग्रजी अक्षरं आणि खुणा. फॉन्ट फक्त त्यांच्या अंगावर देवनागरीचं चित्र चढवत असे. तोच फॉन्ट समोरच्याकडे असेल तर ‘विहीर’, नसेल तर कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा. एका कंपनीचा फॉन्ट दुसऱ्याशी जुळत नसे. भारतीय भाषांसाठी इस्की नावाचं सरकारी मानक १९९१ मध्येच ठरलेलं होतं. पुण्याच्या सी-डॅकने त्यावर मोठं काम केलं होतं. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही, म्हणजे त्याच वर्षी, देवनागरी आलेली होती. विंडोज २००० बरोबर मंगल फॉन्टही आला. पण बर्डीवरच्या डीटीपीवाल्याला लग्नपत्रिका सुबक दिसायला हवी होती, आणि त्याचे जुने फॉन्ट त्यात वरचढ होते. त्याचंही बरोबरच होतं.

मला यात खटकतं ते वेगळंच. इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या फ्लॉप्या महाराष्ट्रात कुठेही उघडल्या असणार. हाताने लिहिलेलं मराठी पान चपराशीकाकांच्या सायकलवरून जगात कुठेही जाऊ शकत होतं आणि वाचलंही जात होतं. संगणक आला आणि मध्ये काही वर्षं अशी गेली की मराठीत लिहिलेलं काम आपल्याच राज्यातल्या परीक्षकापुढे मुकं झालं. बाबूंच्या आकड्याला पोचपावती होती, पण पोचलं काहीच नव्हतं.

आजची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती आपल्याच तुकडीतला, आता याच शाळेत शिकवणारा मित्र अधिक चांगली सांगेल. केंद्र सरकारची इन्स्पायर योजना २००८ च्या डिसेंबरात सुरू झाली. सुरुवातीला निवडलेल्या मुलाच्या नावाने ५,००० रुपयांचं वॉरंट येई. पुढे तिला मानक हे नाव जोडलं गेलं, रक्कम १०,००० झाली आणि ती थेट मुलाच्या बँक खात्यात जमा होऊ लागली. सगळं ऑनलाइन: शाळेची एकदा नोंदणी, जिल्ह्याची मंजुरी, मग मुलांच्या कल्पना. मोबाइलवर मराठी लिहिता येतं, त्यामुळे आपलं जुनं दुखणं गेलं. नवी आली. शाळेचा पासवर्ड बदली झालेल्या सरांपाशी, ओटीपी निवृत्त मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर. बँकेत नाव ‘कु.’ लावून, आधारवर त्याशिवाय. २०१९ आणि २०२० मध्ये बँकांची विलीनीकरणं झाली तेव्हा पासबुकावरचे आयएफएससी कोड पुढे बदलले, आणि सातवीतल्या मुलीला आयएफएससी म्हणजे काय हे तिच्या वडिलांनाच विचारावं लागलं, तर त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. मित्र म्हणतो, शाळेला विज्ञानाचा नव्हे, अर्ज भरणारा शिक्षक हवा. माझं म्हणणं, शाळेला पूर्वीपासून तोच लागत होता. फक्त तेव्हा त्याला आपण बडे बाबू म्हणत होतो.

परत आलेली ती फ्लॉपी बाईंनी पाकिटासकट ठेवली होती. या लेखाच्या निमित्ताने त्यांनी ती मला दिली. यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह मिळाला, फाइल उघडली, अपेक्षेप्रमाणे कचरा. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधनं आता मिळतात. त्यांतून काढल्यावर बराचसा अहवाल वाचता येतो आहे. ऱ्हस्व इकार जागा सोडून पळाले आहेत, रफार भलत्याच अक्षरावर बसले आहेत, पण ओळ लागते. विहिरींची वर्णनं, घरोघरच्या बायकांनी सांगितलेली माहिती, हे सगळं आहे. मोडले आहेत ते तक्ते. कोणत्या विहिरीचं पाणी किती हातांवर होतं, ते आकडे एकमेकांत मिसळून गेले आहेत, आणि सप्टेंबरचा रकाना पूर्णच गायब आहे.

गेल्या दिवाळीत आम्ही दोघं-तिघं त्या विहिरी शोधत फिरलो. काही बुजवल्या आहेत, काहींवर स्लॅब आहे, देवळातली आहे पण तिच्यावर जाळी. २००० सालचे ते आकडे पुन्हा मोजून मिळणार नाहीत. ते फक्त मूळ रोजवहीत आहेत: दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, वर आमच्या चौघांची नावं. दहावीच्या निरोप समारंभानंतर ती प्रयोगशाळेच्या कपाटात होती, आणि पुढे कोणीतरी प्रदर्शनासाठी नेली, एवढं बाईंना आठवतं. आपल्या किंवा मागच्या-पुढच्या तुकडीतल्या कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेत ती असेल तर स्नेहमीलनाच्या दिवशी सोबत आणा. वही द्यायची नसेल तर पानांचे फोटो काढू द्या, तेवढं पुरे. जुनी मैत्रीण त्या दिवशी येणार आहे, तिचं अक्षर ती ओळखेल.